ओपन-वर्ल्ड (मोकळं फिरायच्या जगाच्या) गेममध्ये मुख्य कथा धरून खेळावं की सोडून द्यावी? (स्कायरिम, विचर ३, एल्डन रिंग वगैरे)

खडेबाजार_तलवार
नमस्कार मंडळी. दिवाळी तोंडावर आली. किल्ले बांधून मावळे मांडून झाले की बेळगाव-शहापूरची निम्मी पोरं कॉम्प्युटरपुढं बसणार. त्यातली बरीच जण स्कायरिम नाहीतर विचर ३ पहिल्यांदाच उघडतील आणि दरवर्षीचा प्रश्न परत येईल: मुख्य कथा आधी की भटकंती आधी?

माझं मत सरळ आहे. मुख्य कथा सोडून द्यावी. स्कायरिममध्ये सुरुवातीच्या हेल्गन गावातून सुटलात की पहिल्याच वळणावर उलट्या दिशेनं चालू लागा. 'जग बुडायला लागलंय, पळा' असं गेम ओरडत असतो, पण मागं घड्याळ नाही. जग बुडवायला निघालेला ड्रॅगन आल्डुइन तुमची वाट बघत शंभर तास बसून राहतो. ११ नोव्हेंबर २०११ ला आलेला हा गेम आजही लोक खेळतात तो त्या कथेसाठी नाही. गुहा, गिल्ड, डोंगरामागं काय आहे ते बघायची ओढ, यासाठी खेळतात.

कथा अजिबात केली नाही तर नुकसान काय, ते जाणकारांनी नेमकं सांगावं. 'मजा जाते' एवढं नको, नेमकं.

जांबोटीकर
नेमकं सांगतो. स्कायरिममध्ये कथा सोडली तर ड्रॅगनच येत नाहीत. हेल्गनचा तेवढा दिसतो, बास. मोकळ्या रानात ड्रॅगन फिरायला लागतात ते 'ड्रॅगन रायझिंग' ही क्वेस्ट (गेमनं दिलेली कामगिरी) झाल्यावर. ड्रॅगन नाही तर त्याचा आत्मा नाही, आत्मा नाही तर शाऊट, म्हणजे जादूची आरोळी, नाही. डोंगरकड्यावरच्या शब्दांच्या भिंती सापडतील, शब्द 'शिकला' असंही दिसेल, पण तो उघडायला आत्मा खर्चावा लागतो. म्हणजे वीस भिंती फिरलात तरी तोंडातून हूं की चूं निघणार नाही.

म्हणून 'अजिबात नको' हे मला पटत नाही. कमीत कमी एवढं करा:

रिव्हरवुडवरून व्हाइटरनला जाऊन यार्ल (तिथला सरदार) बालग्रूफला भेटा. तो दरबारातला जादूगार फॅरेंगार याच्याकडं पाठवतो आणि फॅरेंगार ब्लीक फॉल्स बॅरो या जुन्या थडग्यातला ड्रॅगनस्टोन मागतो. आत शिरल्यावर तीन खांबांचं कोडं लागतं: साप, साप, देवमासा, डावीकडून उजवीकडं. चुकीचं लावून कळ ओढली की बाण बसतात. पुढं जाळ्यांच्या खोलीत मोठा कोळी आहे. त्याला दारातून येता येत नाही. आपण दाराच्या अलीकडं थांबायचं आणि धनुष्यानं मारायचं, तलवार घेऊन आत घुसायची गरज नाही. शेवटच्या ड्राउगरजवळ (उठून चालणारं प्रेत) स्टोन असतो, आणि तिथल्याच भिंतीवर पहिला शब्द.

स्टोन फॅरेंगारला दिला की पश्चिमेच्या बुरुजावर ड्रॅगन उतरल्याची बातमी येते. तिथं बालग्रूफची सरदारीण इरिलेथ आणि शिपाई तुमच्या बरोबर लढतात. ड्रॅगन आग ओकायला लागला की बुरुजात शिरायचं, जमिनीवर बसला की डोक्यासमोर न जाता बाजूनं मारायचं. मेल्यावर त्याचं कातडं पेटून उडतं, उजेडाचा लोट तुमच्या अंगात शिरतो आणि मागं नुसता सांगाडा राहतो. तो क्षण बघितल्याशिवाय स्कायरिम खेळलो म्हणू नये, असं माझं ठाम म्हणणं.

यानंतर बालग्रूफ तुम्हाला थेन (मानकरी) करतो आणि लिडिया सोबतीला मिळते. व्हाइटरनमधलं ब्रीझहोम पाच हजार सोन्याला विकत घेता येतं.

अक्का_चिकोडी
जांबोटीकरदादांची पायऱ्यांची यादी बरोबर आहे, पण 'कधी' हे त्यांनी सांगितलं नाही, आणि खरी मेख तिथंच आहे.

ड्रॅगन सुरू झाले की ते गावांवरही उतरतात. गावातली महत्त्वाची पात्रं मरत नाहीत, पण साधे दुकानदार, गाडीवान, शेतकरी मरतात, आणि मेले की परत येत नाहीत. एखाद्या लहान गावात फास्ट ट्रॅव्हलनं (नकाशावरून थेट उडी मारून) उतरायचं आणि त्याच वेळी ड्रॅगन यायचा, हे नेहमी होतं. आपण वर बघून बाण सोडत असतो आणि खाली लोहार हातोडा घेऊन ड्रॅगनवर धावून जातो.

म्हणून माझा सल्ला: ड्रॅगनस्टोन आणा, पण लगेच देऊ नका. पिशवीत ठेवा. स्टोन हातात असताना भटकंती करा, चिलखत सुधारा, बरे होण्याचे काढे साठवा. मग एक दिवस ठरवून द्या. फॅरेंगारनं मागायच्या आधीच बॅरोतून स्टोन उचलला असेल तरी चालतं, थेट नेऊन देता येतो.

फार उशीरही नको. ड्रॅगन तुमच्या लेव्हलप्रमाणं वाढतात. अठराच्या आसपास ब्लड ड्रॅगन येतात, सत्ताविसाच्या आसपास फ्रॉस्ट, पंचेचाळीसच्या पुढं एन्शंट. लेव्हल ४५ पर्यंत थांबून एकही शाऊट नसताना एन्शंट ड्रॅगनपुढं उभं राहणं म्हणजे पहिलवानाला न खाता आखाड्यात सोडणं.

हिंडलग्याचा_वारा
+१ अक्का. गावातले लोक मरतात हे बऱ्याच जणांना दुकान बंद झाल्यावर कळतं.

खडेबाजार_तलवार
अक्का, स्टोन पिशवीत ठेवायची युक्ती एकदम पटली. म्हणजे कथा सोडायची नाही, खिशात ठेवायची.

निपाणी_नाका
तुम्ही सगळे स्कायरिमवरून बोलायलाय, पण विचर ३ मध्ये हाच सल्ला उलटा पडतो. धाग्याच्या नावात विचर आहे म्हणून सविस्तर लिहितो.

विचरमध्ये अनुभवाचे जास्तीत जास्त गुण मुख्य कथेतूनच मिळतात. प्रत्येक क्वेस्टपुढं शिफारस केलेली लेव्हल लिहिलेली असते. तुम्ही त्या लेव्हलच्या सहा पुढं गेलात की क्वेस्ट राखाडी होते आणि गुण नावापुरते उरतात. म्हणजे व्हाइट ऑर्चर्ड आणि व्हेलेन या सुरुवातीच्या मुलखांत नकाशावरचं प्रत्येक प्रश्नचिन्ह साफ करत बसलात तर व्हेलेनच्या सरदाराची, म्हणजे बॅरनची, कथा करताना ती राखाडी झालेली असेल. लढाईला धार नाही, बक्षीस नाही. सेटिंगमध्ये शत्रूंची लेव्हल आपल्याबरोबर वाढवण्याचा पर्याय आहे. भटकंतीच करायची असेल त्यांनी तो चालू करावा. फक्त मग उंदीरसुद्धा चावतात.

साधारण क्रम असा ठेवा: व्हाइट ऑर्चर्डमधला ग्रिफिन लेव्हल ३ ला, व्हेलेनमधली बॅरनची कथा ६ च्या आसपास, मग नोव्हिग्राड शहर, आणि स्केलिग बेटं १६ ला. स्केलिगच्या जहाजाला एक हजार क्राउन (गेममधली नाणी) लागतात. नोव्हिग्राडमध्येच साठवायला लागा, नाहीतर बंदरावर उभं राहून तलवारी विकत बसावं लागतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. 'आयल ऑफ मिस्ट्स' ही मुख्य क्वेस्ट (लेव्हल २२) म्हणजे एकतर्फी रस्ता. सुरू करण्याआधी गेम इशारा देतो, पण काय काय बुडणार ते नावानिशी सांगत नाही. त्यात हे असतं:

जादूगारीण ट्रिसची 'नाउ ऑर नेव्हर', दुसरी जादूगारीण येनेफरची 'द लास्ट विश'. दोघींच्या नात्याचं इथं ठरतं.

नोव्हिग्राडच्या राजकारणातल्या 'अ डेडली प्लॉट' आणि 'अॅन आय फॉर अॅन आय'. या आधी झाल्या नाहीत तर पुढची 'रीझन ऑफ स्टेट' येतच नाही, आणि शेवटी उत्तरेवर कोण राज्य करणार हा निर्णय तुमच्या हातातून जातो.

स्केलिगची गादी कोणाला, ती 'किंग्ज गॅम्बिट'.

विचरांचा किल्ला कैर मोर्हेन, तिथल्या लढाईत कोण मदतीला येईल तेही याच साईड क्वेस्टवर ठरतं. जादूगारीण कियराला शेवटच्या संवादात 'कैर मोर्हेनला जा' असं सांगितलं तरच ती येते. दुसरा विचर लेथो यावा म्हणून 'घोस्ट्स ऑफ द पास्ट' करावी लागते.

म्हणून विचरमध्ये माझा नियम: मुख्य कथा मोकळ्या मनानं चालवा, पण 'आयल ऑफ मिस्ट्स' दिसलं की थांबा, वेगळा सेव्ह करा, आणि राहिलेलं सगळं संपवूनच पाऊल टाका.

येळ्ळूरचा_गडी
निपाणीकरांनी डोळे उघडले. मला कथेच्या बाजूनं बोलायचंय.

आपल्याकडं कीर्तन ऐकलेल्या माणसाला हा प्रश्न नवा नाही. बुवा पूर्वरंगात एक अभंग धरतात, त्यावरून दहा दाखले, दोन गोष्टी, मध्येच एक पद, आणि फिरून परत त्याच चरणावर येतात. चरण सोडला तर उरतात नुसते दाखले. चरणच घोकत बसले तर ऐकणारे उठून जातात. वनपर्वात युधिष्ठिर दुःखात बसलेला असताना बृहदश्व त्याला नल-दमयंतीची गोष्ट सांगतो. महाभारत थांबतं, पण सुटत नाही. नलाची गोष्टही जुगाराचीच असते.

चांगल्या गेममध्ये साईड क्वेस्ट अशीच कथेला आतून चिकटलेली असते. विचरमध्ये बॅरनचं घर मोडलेलं बघून झाल्यावर व्हेलेनमधली प्रत्येक लहान गोष्ट, बापाविना पोर, पेटलेलं खोपट, वेगळी वाटते. ती आधी केली असती तर नुसतं काम वाटलं असतं. म्हणून खडेबाजारअण्णा, 'कथा खिशात ठेवायची' हे स्कायरिमला ठीक. सगळ्या गेमना हे औषध लावू नका.

खडेबाजार_तलवार
गडी, चरणाची गोष्ट अगदी मनाला भिडली. मान्य.

लोंढा_जंक्शन
एल्डन रिंग (२५ फेब्रुवारी २०२२) बद्दल कोणी लिहीना म्हणून मी.

इथं कथा म्हणजे ग्रेसच्या (विसाव्याच्या) जागेतून निघणारी सोनेरी रेघ. हवेत तरंगणारी, कापसाच्या धाग्यासारखी बारीक, आणि पुढच्या मोठ्या बॉसच्या (तगड्या शत्रूच्या) दिशेला वाकलेली. नवीन माणूस ती रेघ बघत सरळ स्टॉर्मव्हेल किल्ल्यापुढं मार्गिट या बॉसकडं जातो आणि तासभर मार खातो. रेघ दिशा दाखवते, वेळ दाखवत नाही.

मार्गिटच्या आधी करायचं ते:
१. गेटफ्रंटच्या ग्रेसजवळ बसून मेलिनाकडून टॉरेंट घोडा घ्या.
२. लिमग्रेव्ह आणि दक्षिणेचा वीपिंग पेनिन्सुला पूर्ण फिरा. गोल्डन सीड आणि सेक्रेड टियर गोळा करून बरे होण्याचा फ्लास्क वाढवा.
३. व्हिगर (जीव वाढवणारा गुण) २० च्या आसपास न्या. ताकद नंतर, जीव आधी.

आणि मार्गिट जमतच नसेल तर किल्ल्याच्या उजव्या अंगानं, कड्याच्या कडेनं पायवाट आहे. किल्ल्यात पाऊल न ठेवता थेट पुढच्या लिउर्निया मुलखात निघता येतं. बेळगावाहून गोव्याला जाताना एक घाट बंद असला तर दुसऱ्यानं उतरतो, तसंच.

पण कथा पूर्ण टाळता येत नाही. राजधानी लेंडेलमध्ये शिरायला दोन ग्रेट रून लागतात, म्हणजे दोन मोठे बॉस पाडायलाच हवेत. आणि उलटा फटका असा: पुढं फारुम अझुला या जागी मालिकेथ हा बॉस मेला की लेंडेल राखेत गाडलं जातं. जुन्या शहरातल्या ज्या वस्तू, जी पात्रं राहिली ती राहिली. तिथं परत जाता येत नाही.

नुसती कथा करणाऱ्यांना अजून एक अडथळा. शॅडो ऑफ द अर्डट्री (२१ जून २०२४) हा वाढीव भाग खेळायला राडान आणि मोग दोघेही मेलेले असावे लागतात, आणि दोघेही मुख्य कथेला सक्तीचे नाहीत. मोग तर जमिनीखाली दडलेला. सोनेरी रेघ धरून शेवटपर्यंत गेलेल्याला पैसे भरूनही दार बंद मिळतं.

खानापूर_पाऊस
थोडं विषयांतर, पण आमच्या भागात लागणारं. जून ते सप्टेंबर खानापूर-लोंढा पट्ट्यात करंट कधी जाईल सांगता येत नाही. नवख्यांनी ऑटोसेव्हवर विसंबू नये.

स्कायरिममध्ये क्विकसेव्ह एकच असतो, दर वेळी जुन्यावर नवीन बसतो. ऑटोसेव्ह प्रवास, झोप, थांबणं अशा वेळी होतो आणि थोडेच ठेवून जुने पुसत जातो. सेव्ह लिहितानाच करंट गेला तर ती फाईल खराब होऊ शकते. म्हणून मेनूत जाऊन स्वतंत्र सेव्ह करायची सवय लावा, आणि मुख्य कथेच्या प्रत्येक मोठ्या क्वेस्टआधी एक सेव्ह कायमचा ठेवा, पुसू नका.

छोटा यूपीएस असेल तर तो खेळत राहण्यासाठी समजू नका. बीप वाजला की पहिलं काम सेव्ह, दुसरं नीट बंद करणं. काही मिनिटंच मिळतात, ग्राफिक कार्ड मोठं असेल तर आणखी कमी.

अथणीकर
जुना गडी म्हणून स्कायरिमच्या आधीच्या ऑब्लिव्हियनचं सांगतो (मूळ २००६, नवं रूप एप्रिल २०२५ मध्ये आलं).

तिथं अॅम्युलेट ऑफ किंग्ज (राजाचा ताईत) वेनन प्रायरी या मठात जॉफ्रेला दिलं नाही तोवर रानात नरकाची दारं उघडत नाहीत. शांतपणे गिल्ड करता येतात. पण क्वाच शहराची लढाई लेव्हल कमी असताना करावी. लेव्हलप्रमाणं राक्षस वाढतात आणि तुमच्याबरोबरचे शिपाई टिकत नाहीत.

शेवटाची घाई मात्र करू नका. मुख्य कथा संपली की सगळी दारं कायमची बंद. दारांच्या आत मिळणारे सिजिल स्टोन, ज्यांनी शस्त्रावर जादू चढवता येते, ते नंतर मिळत नाहीत. सगळ्यात वरच्या दर्जाचे स्टोन लेव्हल १७ पासून मिळतात. म्हणून १७ च्या पुढं जा, चार-पाच दारं बंद करून स्टोन जमवा, आणि मगच शेवट करा.

त्याआधीचा मॉरोविंड (२००२) तर स्वतःच सांगतो. बालमोरातला कायस कोसाडेस पहिल्या भेटीत म्हणतो, आधी जगात फीर, चार कामं कर, मग ये. कथेनंच भटकंतीला पाठवलेलं असं उदाहरण दुसरं मला माहीत नाही.

हिंडलग्याचा_वारा
झेल्डाच्या ब्रेथ ऑफ द वाइल्डचं कोणी काढलं नाही. त्यात सुरुवातीच्या पठारावरच्या चार श्राइन (कोड्यांची देवळं) करून पॅराग्लायडर मिळाला की सरळ शेवटचा शत्रू गॅनन याच्याकडं जाता येतं. पण चार डिव्हाइन बीस्ट (अजस्र यंत्र-प्राणी) मोकळे केले तर सुरुवातीलाच गॅननचं निम्मं आयुष्य कापलं जातं. नाही केले तर प्रत्येकाच्या जागी एक जास्तीची लढाई.

मास्टर सोर्ड या तलवारीला १३ हृदयं (जीवाची एककं) लागतात. सुरुवात तीनवरून. चार बीस्टची चार मिळतात, राहिली सहा. चार श्राइनना एक, म्हणजे २४ श्राइन. सगळं स्टॅमिनावर उधळलेल्यांना तलवार उपटता येत नाही.

अक्का_चिकोडी
एक वेगळी गोष्ट. आमच्याकडची सातवी-आठवीची मुलं मराठी नाहीतर कन्नड शाळेतली असतात. या गेममध्ये दोन्ही भाषा नाहीत. इंग्रजी संवाद भराभर जातो, कथा कळत नाही, मग 'कथा कंटाळवाणी' म्हणून सोडतात. त्यांचा प्रश्न कथेचा नसून ऐकण्याचा असतो.

स्कायरिमच्या सेटिंगमध्ये सबटायटलचे दोन वेगळे खटके आहेत: एक समोरासमोरच्या संवादाचा, एक आजूबाजूच्या बोलण्याचा. दोन्ही चालू करा. आणि संवाद निसटला तरी जर्नलमध्ये क्वेस्ट उघडून वाचता येते, तिथं साध्या वाक्यात लिहिलेलं असतं. मोठ्या भावंडानं पहिले दोन तास शेजारी बसून मराठीत सांगितलं तर पुढं पोरगं स्वतः वाचतं.

येळ्ळूरचा_गडी
अक्का, हे फार मोलाचं बोललात.

जांबोटीकर
मूळ विषयाकडं येताना एक राहिलेलं. स्कायरिममध्येही एकतर्फी रस्ता आहे आणि बरेच जण तिथं चुकतात: स्कुल्डाफ्न. ओडाहविंग या ड्रॅगनच्या पाठीवर बसून तिथं जाता, आणि तिथून सोव्हनगार्ड, म्हणजे मेलेल्या वीरांचा लोक. एकदा गेलात की स्कुल्डाफ्नला परत जाता येत नाही. तिथल्या भिंतीवर 'स्टॉर्म कॉल'चा एक शब्द आहे. तो राहिला तर ती शाऊट कायमची अपुरी. ड्रॅगन प्रीस्ट नाहक्रीनचा मुखवटाही तिथलाच. सोबती बरोबर येत नाही, म्हणून वजन उचलायला कोणी नाही. रिकामी पिशवी घेऊन जा.

आणि थाल्मोर दूतावासाच्या मेजवानीत शस्त्रं नेता येत नाहीत. आधी आतल्या आपल्या माणसाकडं, मालबॉर्नकडं, चिलखत, एक शस्त्र, काढे आणि कुलूप उघडायच्या काड्या द्या. तो आत पोचवतो. न दिलेलं सामान तुम्हाला तिथं पाठवणाऱ्या डेल्फिनकडं राहतं, हरवत नाही.

खडेबाजार_तलवार
सगळ्यांचं वाचून माझं मूळ मत मी मागं घेतो. 'कथा सोडून द्या' हे चूक होतं. दिवाळीला पोरांना सांगायचं ते असं लिहून ठेवलंय: स्कायरिममध्ये ड्रॅगनस्टोन आणून ठेवा, चिलखत आणि काढे जमले की लेव्हल १०-१२ च्या सुमारास द्या, मग आयव्हरस्टेड गावावरून हाय हरोथगार या डोंगरावरच्या मठात चढा. तिथले साधू, ग्रेबिअर्ड्स, 'अनरिलेंटिंग फोर्स' या शाऊटचा दुसरा शब्द आणि 'व्हर्लविंड स्प्रिंट'चा पहिला शब्द फुकट देतात. तिथून पुढं मोकळं रान. विचरमध्ये कथा चालवा, 'आयल ऑफ मिस्ट्स'ला थांबा.

आयव्हरस्टेडच्या चढावर कमी लेव्हलला काही धोका आहे का?

अक्का_चिकोडी
आहे. वाटेत फ्रॉस्ट ट्रोल. त्याच्या जखमा आपोआप भरतात, म्हणून लांबून एकेक बाण मारत बसण्यात अर्थ नाही. आगीला तो कच्चा आहे. फ्लेम्स ही सुरुवातीचीच जादू चालते, मॅजिका (जादूची ताकद) संपली तर लिडियाला पुढं करून मागं सरा. अगदीच जमत नसेल तर पळत वर जा.

निपाणी_नाका
आणि ड्रॅगनस्टोनच्या बॅरोतल्या शेवटच्या दाराची गोल चाकं फिरवत बसू नका. सोन्याचा पंजा सामानाच्या मेनूत उघडून फिरवा, तळहातावर तीन चित्रं कोरलेली आहेत: अस्वल, पतंग, घुबड. बाहेरच्या चाकापासून आत त्याच क्रमानं लावा आणि मग पंजा मधल्या भोकांत बसवा. पंजा आर्व्हेल नावाच्या चोराकडं असतो, कोळ्याच्या जाळ्यात अडकलेला. जाळं तोडलं की तो पळतो, त्याला जाऊ देऊ नका.